निळूचा खरा रंग

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
१८ ऑगस्ट २०२४

सावनी,

पोरी, आधी खाली बस, मग वाच. तुझ्या आत्यानं काल निळू पकडला! हातानं नाही गं, कॅमेऱ्यानं.

निळू म्हणजे फुलपाखरू. काळे पंख, मागच्या पंखांवर निळ्या रंगाचा मोठा ठसा आणि कडेला डोळ्यासारखे ठिपके. पुस्तकात त्याचं इंग्रजी नाव आहे, पण ते माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून बारसं मीच केलं. पाऊस सुरू झाल्यापासून त्याच्या मागं होते. काल दौलताबादला, चतुराबाईच्या सीताफळाच्या बागेत, बांधावरच्या उघड्या मातीत पंख पसरून ऊन खात बसला होता. मी सरळ पोटावर आडवी झाले. वय सहासष्ट, गुडघे बेजार, साडी चिखलात. तुझे काका लांबून ओरडतात, "अगं, लोक बघताहेत!" मी म्हटलं, निळू घाबरत नाही लोकांना, मी कशाला घाबरू?

आता मोठी बातमी. तिथल्या शाळेत माझी जुनी विद्यार्थिनी संध्या मुख्याध्यापिका आहे. माझे फोटो बघून म्हणाली, "बाई, आमच्या मुलांना झेब्रा ओळखता येतो, पण बांधावरचं फुलपाखरू नाही. तुम्ही तक्ता करा ना!" भिंतीवर लावायचा मोठा तक्ता, आसपासच्या सगळ्या शाळांसाठी. फुलपाखराचा फोटो, मराठी नाव, कुठल्या झाडावर सापडतं ते. जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये उद्घाटन. आयुष्यभर फळ्यावर त्रिकोण काढले, आता भिंतीवर फुलपाखरं लावणार! आणि छापणार कोण? नाशिकच्या छापखान्यात रंगांचं काम बघणारी माझी भाची.

पेन ड्राइव्ह सोबत आहे. तू शिकवलंस तसे रॉ फाइलमध्येच काढलेत, आणि रंग घरच्या कॉम्प्युटरवर मी स्वतः केलेत. अगदी नैसर्गिक. फोनवर टाइप करताना हल्ली अक्षरं मुंग्यांसारखी पळतात, म्हणून पत्रच लिहिते. तूही फोनवर दाखवू नकोस, कागदावर छापून पाठव. लवकर पाठव, मला दम निघत नाही.

तुझी,
मालाआत्या

*

नाशिक
२६ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

निळूला माझा नमस्कार, आणि चिखलात लोळणाऱ्या रत्नमालाबाईंना साष्टांग. कसला फोटो आहे! त्याच्या मिशांची टोकंसुद्धा धारदार आलीत. छापखान्यातली सगळी माणसं माझ्या टेबलाभोवती गोळा झाली होती.

आता रागावू नकोस. प्रिंट सोबत आहेत, बघ. सगळं निळं झालंय. चतुराबाईंची माती जांभळी, सीताफळाची पानं समुद्रातल्या शेवाळासारखी, आणि ते पांढरं फुलपाखरू नीळ जास्त झालेल्या सदऱ्यासारखं.

घाबरायचं कारण नाही, कारण तू रॉ पाठवलंयस. कॅमेरा आपल्या मनानं फोटो तयार करून देतो, तो शिजवलेला स्वयंपाक. मीठ जास्त झालं तर झालं. रॉ म्हणजे शिधा. जेवण बिघडलं तरी शिधा डब्यात तसाच असतो, पुन्हा चूल पेटवायची.

सोबत एक करडं कार्ड पाठवतेय. ना पांढरं, ना काळं, शुद्ध करडं. फुलपाखरू बसलं असेल त्याच उन्हात हे कार्ड धरून एक फोटो काढायचा. घरी सॉफ्टवेअरमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर घेऊन कार्डावर टिचकी मार. सॉफ्टवेअरला कळतं की हे करडं आहे, आणि त्या हिशेबानं बाकीचे रंग जागेवर येतात. तेच सेटिंग मग निळूला लाव. बस्स.

सावनी

*

उस्मानपुरा
५ सप्टेंबर २०२४

सावनी,

आज शिक्षक दिन, आणि माझी शिक्षिका तू!

कार्ड घेऊन गेले होते. चतुराबाई झेंडूच्या वाफ्यात खुरपत होती. मी झाडापुढं, मातीपुढं, फुलापुढं कार्ड धरतेय हे बघून म्हणते, "बाई, फुलपाखरांची हजेरी घेताय व्हय?" इतकी हसली, इतकी हसली, की खुरपं टाकून बसली खाली. आणि आज काय नशीब! सडलेल्या सीताफळावर तपकिरी फुलपाखरांची पंगतच बसली होती. मी अगदी जवळ गेले तरी एक हललं नाही.

पण तुझं कार्ड काही खरं नाही. ड्रॉपरनं टिचकी मारली की सगळा फोटो पिवळट पडतो. निळूचा निळा तर असा मरतो की काळ्यात काळा. मी आपली मग हातानं निळा वाढवत गेले, थेट तो बोलायला लागेपर्यंत. आता झकास दिसतोय. तुमच्या छापखान्याच्या मशीनमध्येच निळी शाई जास्त पडत असेल, जरा बघ.

अंधारात स्कूटरवरून येताना छावणीच्या वळणावर एक मोटरसायकलवाला अंगावरच आला. वर मलाच म्हणतो, "क्या अम्मा, नींद में चला रहे क्या?" मी म्हटलं, बेटा, दिवा खाली कर आधी, डोळ्यात चांदण्या फुटतात! हल्लीच्या पोरांचे दिवे फार प्रखर.

नव्या फाइली पाठवल्यात.

मालाआत्या

*

नाशिक
१३ सप्टेंबर २०२४

आत्या,

मशीन तपासलं. तुझ्या फाइलच्या आधी आणि नंतर दुसऱ्यांची कामं छापली, ती बिनचूक आहेत. तुझे फोटो मात्र आणखी निळे झालेत.

म्हणजे चोर तुझ्या घरात आहे, आणि माझा संशय मॉनिटरवर आहे. जुना मॉनिटर पिवळा पडतो. तो पिवळं दाखवतो म्हणून तू निळं ओततेस. बरोबर ना? म्हणून छापखान्यातला कॅलिब्रेटर पाठवतेय. मालकांना सांगितलंय, गणपती विसर्जनानंतर परत येईल. स्क्रीनवर लटकवायचा आणि प्रोग्रॅम चालू करायचा. स्क्रीन एकेक रंग दाखवते, यंत्र ते मोजतं आणि स्क्रीन सुधारून देतं. खिडकीचा पडदा ओढून घे. आणि कॅमेऱ्याचं 'भडक' प्रोफाइल लावलं असशील तर साधं लाव.

चोर सापडला की मोदक खाऊ.

सावनी

*

उस्मानपुरा
२४ सप्टेंबर २०२४

सावनी,

तुझं यंत्र पालीसारखं स्क्रीनला चिकटून बसलं होतं, आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून समोर. लाल, हिरवा, निळा, करडा! काका म्हणाले, तिकीट न काढता सिनेमा. शेवटी 'स्क्रीन उत्तम' असा निरोप आला. प्रोफाइलही साधं लावलं.

आणि झालं काय माहितेय? आता तर सगळ्यावर हळद सांडल्यासारखं दिसतंय! कार्ड हळदीचं, आभाळ हळदीचं. यंत्र बिघडलंय गं तुझं. मी आपला निळा पुन्हा जागेवर आणला. परत पाठवतेय, मालकांना सांग दुरुस्त करून घ्या.

बाकी मजा सांगते. टाकळ्याच्या पिवळ्या फुलांवर फुलपाखरांचा नुसता बाजार भरलाय. मी एकाचा फोटो काढला आणि नाव लिहिलं 'पांढरी'. चतुराबाई म्हणते, "पांढरं कुठलं बाई? ह्ये तर लिंबावाणी पिवळं हाय. पांढरं त्ये तिकडं." मला तर दोन्ही सारखीच दिसली. दिवसभर उन्हात राहून डोळे दिपलेत बिचारीचे. मी तिला टोपी घेऊन देणार आहे.

तुला हे पत्र वाचायला सोपं जाईल. जुन्या पेनाचं लिहिलेलं मलाच दिसत नव्हतं, म्हणून मुद्दाम काळ्या शाईचं पेन आणलं. तक्त्याचा कच्चा आराखडा झालाय. संध्यानं पाच शाळांना कळवूनसुद्धा टाकलं!

मालाआत्या

*

नाशिक
२९ सप्टेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र काळ्या शाईत नाही. निळ्या शाईत आहे. गडद निळ्या.

मी ते शेजारच्या तिघांना दाखवलं, मग उन्हात नेऊन पाहिलं. मग तुझी आधीची सगळी पत्रं काढून पुन्हा वाचली. मुंग्यांसारखी पळणारी अक्षरं. दिव्यांच्या चांदण्या. पांढरं आणि पिवळं सारखं. निळा मरतो. हळद सांडते.

आत्या, मॉनिटर चांगला आहे. यंत्र चांगलं आहे. कार्डही खरं आहे. मला वाटतं डोळ्यात मोतीबिंदू आहे. तो पिकत जातो तसा पिवळ्या काचेसारखा होतो, आणि निळा रंग आत येऊच देत नाही. हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही.

एकदा डॉक्टरांना दाखव. आणि तोवर स्कूटर चालवू नकोस, माझी शपथ.

सावनी

*

उस्मानपुरा
६ ऑक्टोबर २०२४

सावनी,

फोटोत चूक काढता आली नाही की माणसात काढायची, ही पद्धत बरी आहे.

माझे डोळे ठीक आहेत. तक्त्याचं काम मी इथंच कुणाकडून तरी छापून घेईन. तुला त्रास नको.

आणि एक सांगते, म्हणजे पुन्हा हा विषय काढणार नाहीस. तुझे आजोबा एका डोळ्यानं अधू होते, ते विटीदांडू खेळताना लागलं म्हणून नाही. घरात आम्ही तसं सांगायचो. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, एका शिबिरात. दुसऱ्या डोळ्यानंही तेव्हा अंधुकच दिसायचं. पट्टी काढली तेव्हा मी शेजारी उभी होते. अण्णांनी विचारलं, "माला, अजून दिवा लावला नाहीस का?" भर दुपार होती.

रत्नमाला

*

नाशिक
१४ ऑक्टोबर २०२४

आत्या,

मला हे माहीत नव्हतं. पत्र वाचून बाबांना फोन केला. ते म्हणाले, "माला तेव्हा लग्नाची होती. अण्णांची काठी व्हायला म्हणून दोन वर्षं तिनं स्थळं बघू दिली नाहीत."

मी डॉक्टरांचं नाव काढणार नाही. फक्त एक गणित घालते. तू गणिताची बाई, नाही म्हणणार नाहीस.

कार्डाचा फोटो उघड. माउस कार्डावर नेलास की खाली तीन आकडे दिसतात: लाल, हिरवा, निळा. करड्याची व्याख्या अशी की तिन्ही आकडे सारखे. तुला पिवळट वाटतो त्या फोटोत आकडे बघ. मग तू निळा वाढवून केलेल्या फोटोत बघ. तू बघूच नकोस, काकांना वाचायला सांग, तू फक्त लिहून घे.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आकड्यांना मोतीबिंदू होत नाही.

सावनी

*

उस्मानपुरा
४ नोव्हेंबर २०२४

सावनी,

दिवाळी झाली. तुझं पत्र दसऱ्यानंतर आलं होतं, मी ते देवघरात ठेवून दिलं आणि फराळाच्या मागं लागले. चकल्या कधी नव्हे इतक्या केल्या. तुझ्या काकांनी दोनदा विचारलं, "सावनीचं काय म्हणणं?" मी म्हटलं, काही नाही.

पाडव्याला ओवाळून झाल्यावर मीच म्हणाले, चला, एक गणित आहे. त्यांनी आकडे वाचले, मी लिहिले. मला हळदीचा वाटणारा फोटो: तिन्ही आकडे जवळजवळ सारखे. मला सुंदर वाटणारा फोटो: निळा इतका पुढं की बाकी दोघं दिसेनात. मी दुसरा फोटो घ्यायला लावला, तिसरा घ्यायला लावला. तेच. छत्तीस वर्षं मुलींना सांगितलं, उत्तर पटत नसेल तर पडताळा करा. केला पडताळा.

मग मी त्यांच्यापुढं माझं पेन धरलं. "शाई कुठल्या रंगाची?"

"निळी."

"इतके दिवस का नाही सांगितलंत?"

"मला वाटलं, तुला निळी आवडते."

हसावं की रडावं! मी आधी हसले.

आज डॉक्टरांकडे जाऊन आलो. पोरगीच आहे, तुझ्यापेक्षा लहान असेल. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकून तपकिरी झालेला. म्हणाली, "आजी, तुम्ही यातून फुलपाखरं कशी टिपलीत?" मी अण्णांचं सगळं सांगितलं. तिनं ते मधे न तोडता ऐकलं, मग तेव्हाचं ऑपरेशन आणि आताचं यात काय फरक, ते कागदावर चित्र काढून दाखवलं. मी तेच तेच पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं, एकदाही घड्याळ बघितलं नाही. उजवा डोळा आधी, चौदा तारखेला.

सावनी, मला भीती वाटते. तोंडानं कुणाला सांगवत नाही म्हणून लिहून ठेवते.

आत्या

*

नाशिक
८ नोव्हेंबर २०२४

आत्या गं,

मला यायचं होतं. पण निवडणुकीची छपाई चालू आहे, मशीन थांबत नाही आणि आम्हीही. बाबा तेरा तारखेलाच तुझ्याकडे पोचतील. नाही म्हणू नकोस, त्यांनी तिकीट काढलंय.

एक गोष्ट तुला न विचारता केली. तू रागावली होतीस त्या दिवसांत मी तुझ्या सगळ्या रॉ फाइली नव्यानं उघडल्या, कार्डाप्रमाणे रंग जागेवर आणले आणि प्रिंट काढले. मला तुझा निळू बघवत नव्हता तसा. पाकीट सोबत आहे, पण आत्ता उघडू नकोस. पट्टी निघाल्यावर उघड. तुला पटले तर हेच छापायला घेते, तक्ता वेळेत होईल.

भीती वाटते ना? वाटू दे. भीतीला घेऊन जा.

सावनी

*

उस्मानपुरा
१९ नोव्हेंबर २०२४

सावनी! सावनी! सावनी!

लिहायची परवानगी थोडीच आहे, तेरा तारखेला आल्यापासून दादा शेजारी पहारा देत बसलाय, तरी लिहिते.

पट्टी काढली. डॉक्टर पोरगीनं विचारलं, "आजी, काय दिसतं?" मी तिच्याकडे बघतच राहिले. म्हटलं, "तुझे कपडे निळे आहेत!" ती म्हणाली, "हो." मी म्हटलं, "नाही गं, तुला कळत नाहीये. निळे आहेत!" शेवटी ती हसायला लागली, दादा रडायला लागला, आणि काका म्हणाले, "हो हो, निळे आहेत, हळू बोल."

बाहेर आलो आणि आभाळ! अगं, आभाळ असं असतं? मी रस्त्यातच उभी. रिक्षावाला हॉर्न मारतोय. उजवा डोळा मिटला की आभाळ जुन्या वर्तमानपत्रासारखं, डावा मिटला की असं स्वच्छ धुतलेलं. उघडझाप, उघडझाप. दादा म्हणाला, "माला, लोकांना वाटेल तू डोळा मारतेस."

घरी येऊन सगळं तपासलं. कपाटातली पांढरी म्हणून घेतलेली साडी खरंच पांढरी आहे. दूध पांढरं आहे. काकांचा 'तपकिरी' स्वेटर जांभळा निघाला! तो मीच घेऊन दिला होता. बिचाऱ्यांनी दोन हिवाळे वापरला, अवाक्षर काढलं नाही. स्वयंपाकघरातल्या फरशा मात्र काय मळक्या गं! आणि आरशात ही कोण म्हातारी? तिला म्हटलं, या, बसा.

मग माझे जुने प्रिंट काढले. अरे देवा! निळा शिमगा! हे मी नैसर्गिक म्हणून पाठवत होते आणि तुझ्या मशीनला नावं ठेवत होते!

मग तुझं पाकीट. निळू. मी प्रिंट हातात घेऊन खुर्चीत बसले. इतके दिवस मी ज्याच्या मागं पळत होते, तो मला दिसलाच नव्हता. त्याचा निळा फिका नाही, भडक नाही, काळ्यातून उजेड यावा तसा आहे.

पण सावनी, हे छापू नकोस. रंग बरोबर आहेत, पण तू लावलेत. मला माझ्या डोळ्यानं लावायचेत. करीन मी वेळेत. एकदा दे मला करू.

मालाआत्या

*

नाशिक
२६ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र मी छापखान्यात उभ्यानं मोठ्यांदा वाचलं. स्वेटरपाशी मालकसुद्धा हसून हसून खाली बसले.

कबूल. तूच कर. पण घाई नको. डोळा नवा असला की आधी आधी निळा जास्तच निळा दिसतो, मेंदूला सवय व्हायला थोडे दिवस लागतात. लगेच बसलीस तर आता उलटी चूक करशील आणि सगळं पिवळं करून पाठवशील! डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच कॉम्प्युटर. कार्डावर टिचकी मारून सुरुवात कर, आकडे बघ, आणि मग डोळ्यावर सोड. मी डिसेंबरअखेरपर्यंत मशीनवर जागा राखून ठेवलीय.

सावनी

*

उस्मानपुरा
१६ डिसेंबर २०२४

सावनी,

फाइली पाठवल्या. आता ऐक.

सगळे फोटो तुझ्या नियमानं केले, एक सोडून. केशरी फुलपाखराचा, रुईच्या फुलावरचा. तो मी संध्याकाळी काढला होता. कार्डावर टिचकी मारली तर तिन्ही आकडे सरळ रांगेत, आणि फोटो भर दुपारचा झाला! मला आठवत होतं की तेव्हा सगळं सोनेरी होतं. पण मग शंका आली. आठवण कुणाची? त्या पिवळ्या डोळ्याची! त्याच्या साक्षीवर कसा विश्वास ठेवू?

मग काय, काकांना म्हटलं, काढा गाडी. (स्कूटरला मी हात लावला नाही, शपथ पाळते आहे.) दौलताबादला त्याच वेळी, त्याच रुईपाशी जाऊन उभी राहिले. डावा डोळा हातानं झाकला. ऊन किल्ल्याच्या बाजूला कललं. आणि माती सोनेरी झाली, सावनी! खरोखरच! चतुराबाईच्या पांढऱ्या गाईवरसुद्धा सोनं आलं. चतुराबाई म्हणाली, "बाई, डोळा दुखतोय का? झाकलाय का असा?" मी म्हटलं, नाही गं, उजेड मोजतेय.

परत येऊन तो एक फोटो कार्डाच्या हिशेबापासून थोडा उबेकडे सरकवला. थोडाच. कार्ड सांगतं, उजेड पांढरा असता तर काय दिसलं असतं. पण तेव्हा उजेड पांढरा नव्हता. तुला चुकलं वाटलं तर तसं कळव, भांडू.

पिवळी आणि पांढरी आता वेगवेगळ्या आहेत. चतुराबाईची माफी मागितली, आणि टोपी तिला तरीही दिली.

मालाआत्या

*

नाशिक
२ जानेवारी २०२५

आत्या,

भांडण नाही. मी तो फोटो दोन्ही तऱ्हांनी छापून शेजारी शेजारी लावला. जो येईल त्यानं तुझ्याच प्रिंटकडे बोट दाखवलं. मीही. इतकी वर्षं मी रंग 'बरोबर' करतेय, पण त्या वेळी तिथं उजेड कसला होता, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. आता कामं घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारते.

तक्ते निघाले. माझ्या टेबलामागं एक लावलाय.

सावनी

*

उस्मानपुरा
१९ जानेवारी २०२५

सावनी,

काल उद्घाटन झालं. तक्त्यावरचा पडदा निघाला आणि मुलांनी जो गलका केला! "ए, हे आमच्या रानात हाय!" "ह्ये मी धरलं होतं!" "निळू! निळू!" संध्यानं गप्प बसवायचा प्रयत्न केला, मग तीच पुढं जाऊन बघत बसली.

पण तुला सांगायचंय ते पुढंच. गर्दी पांगली तेव्हा चतुराबाई नवऱ्याला तक्ता दाखवायला घेऊन आली. काकासाहेब त्यांचं नाव, उंचेपुरे, फेटा बांधून आले होते. एकेका फोटोवर बोट ठेवत चालले होते. निळूपाशी थांबले. म्हणाले, "बाई, सगळी रंगीत हायेत, आन् ह्यो एकच काळा का?"

चतुराबाई हसली. "काळा कुठला? आवो, निळाशार हाय!"

"नाय. काळा हाय."

सावनी, मी लगेच त्यांना विचारलं, "काकासाहेब, रात्री समोरून गाडी आली की काय होतं?" ते म्हणाले, "लई तरास. चांदण्या फुटत्यात. म्हनून तर रातीचं पाणी द्यायला जात नाय आता."

मी डॉक्टरांचं नाव काढलं तशी त्यांनी मान फिरवली. "डोळ्याला सुरी? नाय बाई. हाय ते बरं हाय." मला तो आवाज ओळखीचा वाटला. मी समजूत नाही घातली. नुसती पुढं झाले आणि म्हटलं, "माझ्या या डोळ्यात बघा. यातून मोतीबिंदू गेलाय. माझे वडील याच ऑपरेशनात एका डोळ्याला मुकले, आणि तरी मी गेले. भीत भीत गेले." त्यांनी वाकून बघितलं, अगदी जवळून, बराच वेळ. मास्तरांनी वही तपासावी तसं.

चतुराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "येता का नीट, का उचलून नेऊ?"

येत्या गुरुवारी माझा डावा डोळा आहे. त्याच दिवशी काकासाहेबांना तपासायला नेतोय. काका गाडी काढणार, चतुराबाई पुढं बसणार, आणि आम्ही दोघं भित्री मागं.

निघताना ते पुन्हा तक्त्यापाशी गेले, निळूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "निळा म्हंजी कसला निळा हो, बाई? आभाळावाणी?"

मी म्हटलं, "मी नाही सांगणार. पट्टी निघाली की तुम्हीच मला सांगा."

तुझी,
मालाआत्या